इंटेल की एएमडी? ओतकामाच्या डिझाइन ऑफिससाठी चिप निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिरोली एमआयडीसीत ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नचं ओतकाम करणारा कारखाना. डिझाइन ऑफिसात दोन कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. एकावर सॉलिड मॉडेलिंग आणि कॅमचे टूलपाथ (मशिनिंगच्या हत्याराने जायचे मार्ग), दुसऱ्यावर मोल्ड भरण्याचं आणि गोठण्याचं सिम्युलेशन. एक विक्रेता इंटेल घ्या म्हणतो, दुसरा एएमडी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत बिघाड होता असं ऐकलंय. दर वर्षी नवी चिप येते, मग थांबावं का? आणि या दोघांत एवढी चढाओढ चालते तरी कशावर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर हाती आलं की खरेदीचा गुंता बराचसा सुटतो. चिप बनवणाऱ्यांची चढाओढ मुळात रिजेक्शनची आहे. कोल्हापुरात फाउंड्री म्हटलं की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल डोळ्यांपुढे येतं. चिपच्या धंद्यातही दुसऱ्याच्या आराखड्यावरून माल काढून देणाऱ्या कारखान्याला फाउंड्रीच म्हणतात. गिऱ्हाईक आराखडा देतं, फाउंड्री माल काढते आणि शंभरातले किती नग पास झाले यावर दोघांचं गणित बसतं.

कच्चा मालही तुमच्या ओळखीचा आहे. ग्रे आयर्नमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, लॅडलमध्ये तुम्ही फेरोसिलिकॉन टाकता आणि मोल्डची वाळू म्हणजे सिलिकाच. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे तुमच्या ओतण्याच्या तापमानाच्या अगदी जवळ. फरक शुद्धतेत आहे. चिपसाठी लागणारं सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध असावं लागतं. ते क्वार्ट्झच्या क्रूसिबलमध्ये वितळवून, सावकाश फिरवत वर ओढून एकाच स्फटिकाचा दंडगोल काढतात आणि त्याच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ चकत्या कापतात. त्या चकतीला वेफर म्हणतात. तिच्यावर शेकडो टप्प्यांत थरांवर थर चढवून चिपा घडतात आणि शेवटी चकती कापून नग सुटे करतात.

आता हिशेब करून बघा. समजा वेफरवर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ दोष पडतो. चिप ६०० चौरस मिलिमीटरची असेल, तर कडेचे अर्धवट तुकडे सोडून एका वेफरवर सुमारे ९० नग बसतात. एवढ्या क्षेत्रात दोष न सापडण्याची शक्यता निघते ५५ टक्के, म्हणजे ४९-५० नग पास. बाकीचे भंगार. आता तीच चिप ७५ चौरस मिलिमीटरच्या आठ तुकड्यांत विभागा. वेफरवर सुमारे ८६५ तुकडे बसतात आणि ९३ टक्के पास होतात, म्हणजे ८०० हून थोडे जास्तच. आठ-आठ जोडले की १०० संच. तोच वेफर, तोच दोषदर आणि माल दुप्पट. मोठ्या कास्टिंगला एक ब्लोहोल (वायूची पोकळी) पडला की अख्खं कास्टिंग जातं, तोच ब्लोहोल छोट्या कास्टिंगच्या पेटीत पडला तर एकच नग जातो. इथेही नेमकं तेच घडतं.

एएमडीने २०१९ मध्ये हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला. आठ कोअरचा (कोअर म्हणजे चिपेतला स्वतंत्र गणना करणारा भाग), सुमारे ७५ चौरस मिलिमीटरचा छोटा तुकडा तैवानच्या टीएसएमसीकडून ७ नॅनोमीटरच्या नव्या प्रक्रियेत करून घेतला. मेमरी आणि बाकीच्या जोडण्या सांभाळणारा तुकडा मात्र ग्लोबलफाउंड्रीजकडून जुन्या, स्वस्त प्रक्रियेत काढला. ते जोडणीचे सर्किट लहान करून फारसा फायदा होत नाही, मग महागड्या वेफरवर जागा का अडवायची? एक-दोन तुकडे लावले की घरगुती रायझेन, आठ लावले की ६४ कोअरचा सर्व्हरचा एपिक. ज्या तुकड्यात एखाद-दुसरा कोअर बिघडलेला निघाला तो फेकला नाही. दोन कोअर बंद करून सहा कोअरची चिप म्हणून विकला. एका पॅटर्नवर अख्ख्या दुकानाचा माल निघाला.

हे समजलं की इतिहासही लवकर उलगडतो. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ घेतला, पण एकाच पुरवठादारावर विसंबणं त्यांना नको होतं. त्यामुळे १९८२ च्या करारानुसार एएमडीला त्याच आराखड्याच्या चिपा बनवण्याची मुभा मिळाली. ही चढाओढ गिऱ्हाइकाच्या त्या हट्टातून जन्मली. पुढे २००३ मध्ये एएमडीने जुन्या सॉफ्टवेअरला धक्का न लावता ६४ बिटची सोय आणली आणि पुढच्याच वर्षी इंटेलला ती उचलावी लागली. इंटेल तेव्हा पेंटियम ४ मध्ये गिगाहर्ट्झ वाढवण्याच्या मागे होती आणि उष्णतेपुढे हरली. २००६ च्या कोअर २ ने तिने जोरदार परतफेड केली. त्यानंतर दहा वर्षं एएमडी मागे होती. २००९ मध्ये तिने स्वतःचे कारखाने वेगळे करून ग्लोबलफाउंड्रीज बनवली. ती सावरली २०१७ च्या पहिल्या रायझेनने.

या गोष्टीत सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे ते इंटेलचं १० नॅनोमीटरचं घसरणं. २०१२ मध्ये २२ नॅनोमीटरवर उभ्या पात्याचे ट्रान्झिस्टर, ज्यांना फिनफेट म्हणतात, बाजारात आणून इंटेल सगळ्यांच्या पुढे होती. १० नॅनोमीटरला तिने एकाच उडीत घनता २.७ पट करायचं ठरवलं. त्याबरोबर काही तारांसाठी तांब्याऐवजी कोबाल्ट आणला, गेटच्या (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) थेट वरती जोडणी आणली आणि अतिशय कमी तरंगलांबीच्या प्रकाशाने छापणारं नवं ईयूव्ही यंत्र तयार नसल्याने जुन्याच प्रकाशाने एकेक थर चार-चार भागांत छापायचा घाट घातला. पॅटर्न, वाळू, बाइंडर आणि भट्टी एकाच आठवड्यात बदलली आणि रिजेक्शन वाढलं, तर दोष कशाचा हे तुम्हाला तरी कळेल का? त्यांनाही कळेना. जे २०१६ च्या सुमारास यायचं होतं ते लॅपटॉपमध्ये भरीव प्रमाणात २०१९ ला आणि डेस्कटॉपवर थेट नोव्हेंबर २०२१ ला आलं. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी उभी केलेली टीएसएमसी त्या काळात एकेक पायरी चढत होती. तिच्याकडे फोनच्या चिपांचं अवाढव्य काम होतं. फोनची चिप छोटी, साधारण १०० चौरस मिलिमीटरची, त्यामुळे नवी प्रक्रिया अजून कच्ची असतानाही पास होणारे नग परवडण्याइतके निघतात आणि त्या कामावर हात बसतो. मोठ्या चिपा नंतर, दोषदर खाली आल्यावर. सवंग वाटेल इतकी साधी शिस्त आहे, पण जागतिक बाजार तिनेच फिरवला.

ईयूव्ही यंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं. नेदरलँड्सची एएसएमएल ही जगात ते बनवणारी एकमेव कंपनी आहे. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेझर मारून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काढतात. तो प्रकाश हवेतही शोषला जातो आणि काचेतही, म्हणून सगळं काम निर्वातात आणि भिंगांऐवजी आरशांवर चालतं. इंटेलने हे तंत्र बाजारातल्या मालासाठी प्रथम वापरलं ते २०२३ मध्ये. टीएसएमसीकडे ते २०१९ पासून चालू होतं.

आणि खोक्यावर लिहिलेल्या "५ नॅनोमीटर", "३ नॅनोमीटर" या आकड्यांवर जाऊ नका. ती आता नावं आहेत. ५ नॅनोमीटर म्हणवणाऱ्या प्रक्रियेत शेजारच्या दोन गेटांमधलं अंतर ५० नॅनोमीटरच्या आसपास असतं. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून काही निष्पन्न होत नाही. गंमत म्हणजे इंटेलच्या २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० डेस्कटॉप चिपांमधला मुख्य गणनेचा तुकडा टीएसएमसीतच तयार होतो. म्हणजे "इंटेल विरुद्ध एएमडी" या भांडणात दोघांचा माल एकाच फाउंड्रीतून येतो. कारखाना सारखा असल्यावर फरक उरतो आराखड्याचा आणि जुळणीचा, आणि तुमची निवड तिथेच होणार.

आता तुमच्या दोन टेबलांकडे येऊ.

मॉडेलिंगचं काम एका वेळी बहुतेक एकाच कोअरवर चालतं. फीचर ट्री एकापाठोपाठ एक उलगडते, पुढचं फीचर मागच्यावर बसतं, त्यामुळे सोळा कोअर दिले तरी पंधरा रिकामे बसतात. इथे एका कोअरचा वेग महत्त्वाचा. एएमडीचा रायझेन ७ ९७००एक्स किंवा इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के, दोन्ही ५.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातात आणि दोन्ही या कामाला पुरून उरतात. ज्याचा बोर्डासकट भाव कमी आणि ज्याची सेवा कोल्हापुरात मिळते तो घ्या. कॅमच्या टूलपाथला जास्त कोअरचा थोडा उपयोग होतो, पण आठ पुरेत. ग्राफिक कार्ड मात्र तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणित यादीतलंच घ्या. नावाच्या शेवटी एफ असलेली चिप टाळा. इंटेलच्या एफ चिपेत अंगचं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. ग्राफिक कार्ड गेलं की स्क्रीन काळी आणि दोष कुठे आहे हे तपासायलाही मार्ग नाही. थोड्या पैशांसाठी अख्खा दिवस जाऊ शकतो.

सिम्युलेशनचं टेबल वेगळं आहे आणि खरेदीतली सगळ्यात महाग चूक तिथेच होते. मेश, म्हणजे गणितासाठी कास्टिंगचे पाडलेले बारीक खण, एक कोटी खणांची धरा. प्रत्येक खणासाठी तापमान, दाब, वेगाचे तीन घटक, द्रवाचं प्रमाण वगैरे मिळून दहा आकडे आणि प्रत्येक आकड्याला ८ बाइट. झाले ८०० मेगाबाइट, आणि हे किमान. दर टाइम-स्टेपला ही सगळी माहिती रॅममधून चिपेत आणि परत रॅममध्ये जाते. एएमडीच्या ज्या एक्स३डी चिपांची एवढी जाहिरात होते त्यांतल्या आठ कोअरच्या चिपेत एल३ कॅश, म्हणजे चिपेतलीच जलद मेमरी, ९६ मेगाबाइट असते. ते तंत्र सुंदर आहे. ६४ मेगाबाइटचा वेगळा तुकडा तांब्याला तांबं भिडवून, सोल्डरशिवाय, कोअरच्या तुकड्यावर जोडतात. २०२४ च्या ९८००एक्स३डी पासून तो कोअरच्या खाली घेतला, त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरला मिळते. गेमला त्याचा मोठा फायदा होतो. तुमच्या ८०० मेगाबाइटला ती कॅश पुरत नाही, म्हणून त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तुमचं काम अडतं ते रॅमच्या वेगावर. डीडीआर५ ५६०० ची एक पट्टी सेकंदाला ४४.८ गिगाबाइट देते, दोन चॅनेलला दोन पट्ट्या लावल्या की ८९.६. बरेच जण ६४ गिगाबाइट एकाच पट्टीत घेतात, "पुढे वाढवता येईल" म्हणून. त्या दिवसापासून सॉल्व्हर (सिम्युलेशनचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) अर्ध्या रस्त्यावर चालतो आणि दोष चिपेला लागतो. म्हणून पट्ट्या दोनच आणि एकाच किटमधल्या, ३२ किंवा ४८ गिगाबाइटच्या. चार पट्ट्याही नकोत. रायझेन ७००० आणि ९००० मालिकेत चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. पट्ट्या चिपेपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण एआयच्या चिपांना लागणाऱ्या थरावर थर रचलेल्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांनी आपली क्षमता वळवली. तेव्हा आज १६ ची जोडी आणि पुढच्या वर्षी आणखी, असा बेत करू नका.

कोअर किती? ८९.६ गिगाबाइट सोळा कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५.६ येतात. त्यामुळे आठ कोअरपर्यंत वेळ चांगला घटतो, पुढे वाढ मंदावते. सॉफ्टवेअरचा परवाना कोअरच्या संख्येवर असेल तर आधी परवान्यात किती कोअर आहेत ते पाहा. आठ कोअरचा परवाना आणि सोळा कोअरची चिप म्हणजे अर्धे पैसे वाया. परवाना मोकळा असेल तर माझी निवड रायझेन ९ ९९५०एक्स. कारण त्याचे सोळाही कोअर एकाच जातीचे आहेत. इंटेलच्या सध्याच्या चिपांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, २६५के मध्ये ८ मोठे आणि १२ छोटे. ऑफिसच्या कामाला ही योजना उत्तम आहे. पण बरेच सॉल्व्हर मेशचे समान वाटे करून प्रत्येक कोअरला एकेक देतात आणि सगळे संपेपर्यंत थांबतात. मग मोठे कोअर छोट्यांची वाट पाहत बसतात. इंटेल आधीच घेतलेला असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये सॉल्व्हरवर उजवी क्लिक करून सेट अ‍ॅफिनिटीत फक्त मोठे कोअर ठेवा आणि सॉल्व्हरला तेवढेच थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) सांगा. कोणता क्रमांक कोणत्या कोअरचा हे एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. १४७००के सारख्या चिपेत पहिले सोळा क्रमांक मोठ्या कोअरचे असतात, २६५के मध्ये क्रम सरळ नसतो, म्हणून पाहूनच ठरवा.

इंजिन ब्लॉकसारखं मोठं, पातळ भिंतींचं काम नेहमीच असेल आणि मेश पाच-सात कोटींवर जात असेल, तर एएमडीच्या चार चॅनेलच्या थ्रेडरिपर चिपेचा विचार करा. डीडीआर५ ५२०० वर तो १६६.४ गिगाबाइट देतो. भाव मात्र बोर्डासकट कितीतरी वर जातो. व्हॉल्व्ह बॉडी, पंपाची केसिंग, ब्रॅकेट या कामाला त्याची गरज नाही.

एनव्हिडियाच्या कार्डावर सिम्युलेशन पळवता येईल का, हा प्रश्न हल्ली येतोच. तुमच्या सॉल्व्हरमध्ये ती सोय लिहिलेली असेल तरच. एनव्हिडियाची खरी तटबंदी म्हणजे २००७ पासून जोपासलेली कुडा ही सॉफ्टवेअर व्यवस्था, आणि म्हणूनच एएमडीची चिप कागदावर तोडीस तोड असूनही गिऱ्हाईक सहजी हलत नाही. गेमची कार्डं एकेरी अचूकतेच्या गणितात तरबेज आहेत, दुहेरी अचूकतेत त्यांच्या अलीकडच्या पिढ्यांचा वेग एकेरीच्या ६४ व्या हिश्शावर येतो. सॉल्व्हर दुहेरी अचूकता वापरत असेल तर महाग कार्ड घेऊन हाती काही लागणार नाही.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा बिघाड खरा होता. ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप चिपांमध्ये ठरावीक प्रसंगी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जायचं. त्या व्होल्टेजने आणि उष्णतेने कोअरमधला क्लॉक पोचवणारा भाग हळूहळू जीर्ण व्हायचा. सुरुवातीला काही कळत नाही. मग झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक, ग्राफिक कार्डाची मेमरी शिल्लक असूनही संपल्याचा निरोप, सिम्युलेशन ६०-७० टक्क्यांवर कारण नसताना बंद, अशी लक्षणं दिसतात. लोक रॅम बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात, पण झीज झालेली चिप सॉफ्टवेअरने बरी होत नाही. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (चिपेच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची केली. खोकाबंद चिप असेल तर दाद थेट कंपनीकडे, ट्रेमधली असेल तर विक्रेत्याकडे, म्हणून बिलावर कोणती ते लिहून घ्या. ऑफिसात अशी चिप असेल तर एचडब्ल्यूइन्फोत मायक्रोकोडचा क्रमांक पाहा. ०एक्स१२बी किंवा पुढचा नसेल तर आजच बोर्डाचा बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) बदला आणि त्यात इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडा. या पिढीची वापरलेली चिप स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, आधीच्या मालकाने ती कोणत्या व्होल्टेजवर चालवली हे तपासण्याचा मार्ग नाही. एएमडीचीही पाटी कोरी नाही. २०२३ मध्ये एएम५ या एएमडीच्या सॉकेटच्या बोर्डांवर काही एक्स३डी चिपा जळाल्या आणि चिपेतल्या जोडणीच्या भागाचं व्होल्टेज १.३ वर बांधणारा बायोस द्यावा लागला. दोन्ही प्रकरणांत मूळ तेच: जाहिरातीतल्या तक्त्यात दोन टक्के वर दिसण्यासाठी चिप आणि बोर्ड कडेपर्यंत ताणले जातात.

म्हणून ते ताणणं आपण आपल्या हाताने कमी करायचं. ९९५०एक्स कारखान्याच्या सेटिंगवर २०० वॅटच्या आसपास ओढतो. बायोसमध्ये इको मोड १०५ वॅटवर ठेवला की मर्यादा १४२ वॅटवर येते. रॅमवर अडणाऱ्या सॉल्व्हरला फरक जेमतेम जाणवतो. रोज दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर भरलेल्या लोडवर सुमारे ५८ वॅटचे १७४ युनिट वाचतात. त्याहून मोठा फायदा एप्रिल-मेमध्ये दिसतो. ऑफिस एसीचं नसेल आणि खोलीचं तापमान ३७-३८ वर असेल तेव्हा चिप ९५ अंशांच्या मर्यादेला टेकून वेग घटवत बसत नाही. कूलर दोन पंख्यांचा उभा हवेचाच घ्या. पाण्याच्या कूलरचा पंप आवाज न करता मरतो आणि त्याच्या रेडिएटरच्या बारीक पट्ट्यांत शिरोलीची काळी धूळ महिन्याभरात गच्च बसते.

या धुळीकडे दुर्लक्ष करू नका. ग्रीन सँडमध्ये कोल डस्ट असते, हवेत ग्रॅफाइट आणि लोखंडाचे कण असतात, आणि ग्रॅफाइट व लोखंड वीज वाहून नेतात. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टची दमट हवा त्यात मिसळली की बोर्डावर ओलसर काळा थर बसतो आणि वीज नको तिथून झिरपते. कॅबिनेटला आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि आत घेणाऱ्यांवर जाळीचा फिल्टर लावा, म्हणजे फटींतून हवा बाहेरच जाते. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा. शॉपमधल्या कॉम्प्रेसरचा पाइप आणून फुंकणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, दाब सहा-सात बार असतो, आणि झोताने पंखा भरधाव फिरून त्याची बेअरिंग जाते. हातातला छोटा विजेचा ब्लोअर वापरा, पंख्याचं पातं बोटाने धरून.

वीज हा दुसरा मुद्दा. इंडक्शन फर्नेस चालू असताना लाइनवर हार्मोनिक्स (मूळ लहरीत मिसळलेल्या जादा लहरी) येतात आणि व्होल्टेज डुलतं. साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस अशा वेळी सारखा बॅटरीवर उड्या मारतो आणि बॅटरी वर्षभरात संपते. सिम्युलेशनच्या मशिनला ऑनलाइन यूपीएस, १ केव्हीएचा पुरतो. ऑफिसचं फीडर शक्य तर भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरवरून घेऊ नका. अर्थ आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज भट्टी पूर्ण लोडवर असताना मोजा. ते ३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा, मशिन नंतर आणा.

थांबायचं का, याचं माझं उत्तर नाही असं आहे. नव्या पिढीत तुमच्या कामाचा वेग दहा-पंधरा टक्के वाढतो, आणि तेवढ्यासाठी सहा महिने सिम्युलेशनशिवाय ट्रायल कास्टिंगं ओतणं जास्त महाग पडतं. सॉकेट, म्हणजे बोर्डावर चिप बसते ती जागा, मात्र बघा. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढे साथ देण्याचं जाहीर केलंय, म्हणजे बोर्ड, रॅम, कूलर ठेवून नुसती चिप बदलता येईल. इंटेल दोन-तीन पिढ्यांत सॉकेट बदलते. बाराव्या ते चौदाव्या पिढीचं सॉकेट आता संपलं, त्यावर नवीन गुंतवणूक करू नका.

माल ताब्यात घेताना घाई नको. एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू केला की रॅमची जुळवणी करायला काही मिनिटं घेतो आणि तोवर स्क्रीन काळी राहते. मशिन मेलं समजून प्लग ओढू नका, पंधरा मिनिटं थांबा. मग बायोस ताजा करा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार फेरे लावा. एकही चूक आली तर पट्ट्या परत. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दोन खाचा भरलेल्या आणि वेग ५६०० दिसायला हवा. त्यानंतर चिपेला पूर्ण लोड देणारा प्राइम९५ तासभर, दुपारच्या उन्हाच्या वेळी, एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून. शेवटी तुमच्याच एका जुन्या कास्टिंगचं सिम्युलेशन, ज्याचं श्रिंकेज (गोठताना पडणारी पोकळी) कुठे येतं हे कापून पाहिलेलं आहे, तेच तीन वेळा चालवा. तिन्ही फेऱ्यांना लागलेला वेळ आणि श्रिंकेजची जागा जुळली पाहिजे. चार, आठ आणि सोळा थ्रेडवर प्रत्येकी एकदा चालवून वेळ मशिनवरच चिकटवून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच फाइलला दहा टक्के जास्त वेळ लागला तर पहिला संशय फिल्टर आणि कूलरवर, दुसरा सुटलेल्या पट्टीवर.